कोहिनूर राहिला तो राहिलाच!

२०१८च्या सप्टेंबरात आम्ही दोघं चार दिवस लंडनला जाऊन आलो. तेव्हापासून विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "कोहिनूर पाहिलात ना?" मी "नाही" म्हटलं, की पंढरपूरला जाऊन विठोबाच्या पाया न पडता आल्यासारखं माझ्याकडे बघतात!

त्याचं असं झालं. टूरवाल्यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी पाऊण तास दिला होता. आमचा गाईड छत्री उंच धरून पुढे, आम्ही मागे धावतोय. रोझेटा शिलेपाशी मिळाली जेमतेम तीन मिनिटं. ज्या शिलेबद्दल चौतीस वर्षं फळ्यावर तीन पट्टे आखून शिकवलं (वर चित्रलिपी, मधे डेमॉटिक, खाली ग्रीक), ती समोर होती आणि मला दिसत होती कुणाच्या तरी टोपीची मागची बाजू.

दुसऱ्या दिवशी टॉवर ऑफ लंडनला जायला मी चक्क नकार दिला. "अगं, पैसे भरलेत! आणि परत कुठे येणं होणार आपलं?" हे वैतागले. परत येणं होणार नाही, म्हणूनच तर! हे ग्रुपबरोबर गेले. माझी भाची तिथेच असते, तिला घेऊन मी पुन्हा म्युझियम गाठलं. (तिथे प्रवेश फुकट असतो, तेवढीच ह्यांची बोलणी कमी!)

तासभर शिलेपाशी होते. इ.स.पू. १९६ मधला, पाचव्या टॉलेमी राजाचा गौरव करणारा पुजाऱ्यांचा ठराव तो. मजकूर तसा रुक्षच. पण १७९९ मध्ये ही शिला फ्रेंच सैनिकांना इजिप्तमध्ये सापडली, आणि त्यातलं ग्रीक वाचता येत होतं म्हणून पुढे १८२२ मध्ये शांपोलियनला चित्रलिपीचं कोडं सुटलं. येणाऱ्या भाषेचं बोट धरून न येणारी भाषा गाठायची! मराठीतून बीए झालेली मी, तिथल्या इंग्रजी पाट्या अडखळत वाचत होते. हे मला तिथे जसं कळलं, तसं शिकवताना कधी कळलं नव्हतं. दुसऱ्या एका दालनात शिलेची प्रतिकृती आहे, तिला हात लावू देतात. त्या अक्षरांवरून मी बोटं फिरवली.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "कसा होता कोहिनूर?" म्हणाले, "सरकत्या पट्ट्यावर उभं केलं होतं. काचेमागे बरंच काही चमकत होतं, त्यातलाच एक."

तर माझं मत असं. दिवस थोडे असले की आपण यादी वाढवतो. ती कमी करायला हवी. एका शहरात एक गोष्ट जरी मनासारखी पाहिली, तरी जाणं सार्थकी लागतं. बाकीचं राहिलं तर राहिलं.

हे शहाणपण मला उशिराच आलं. शाळेची सहल अजिंठ्याला नेली होती, तेव्हा पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे एक मुलगी थबकून उभी राहिली. "चल, अजून पुष्कळ लेणी बघायचीत," म्हणत मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर येईपर्यंत ती मागे वळून बघत होती.

कोहिनूर राहिल्याचं मला काही वाटत नाही. त्या मुलीचं मात्र वाटतं.