माळ्यावरची दुर्बीण



हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बरीच पत्रे आली आहेत. त्यांना पुढच्या खेपेला सविस्तर उत्तर देतो. आज मात्र एका चुकीची कबुली द्यायची आहे. चूक माझी स्वतःची, आणि ती ध्यानात यायला मला तीस वर्षे लागली.

कुरुंदा हे माझे आजोळ. माझे थोरले मामा हैदराबादला नोकरीला होते. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा हौशी लोकांनी जगभर दुर्बिणी विकत घेतल्या. धूमकेतू काही फारसा झळकला नाही. मग हौस फिटली आणि कितीतरी दुर्बिणी जुन्या बाजाराला लागल्या. मामांनी १९८८ साली हैदराबादच्या जुमेरात बाजारातून तशीच एक जपानी दुर्बीण घेतली. पुढचे भिंग ६० मिलिमीटरचे, पांढरी लांब नळी, लाकडी तिपाई आणि लाकडाचीच पेटी. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते गावी आले. सोबत ट्रंका दोन आणि ही पेटी.

रोज रात्री जेवण झाले की मामा अंगणात तिपाई मांडत. जे दिसेल ते शेतीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने लिहून ठेवत. पुढून वही उघडली की सालगड्याचा हिशेब, मागून उघडली की चंद्र, गुरू, शनी. १९८८ च्या दसऱ्याला त्यांनी शनीचे चित्र काढले आहे. मधे गोळा आणि भोवती रुंद कडे, डोळ्यातल्या बुबुळासारखे.

पुढे १९९५ ची दिवाळी आली. घराची झाडलोट झाली, त्यात मामांनी दुर्बिणीचे भिंगही रुमालाने पुसून काढले. महिनाभराने, २९ नोव्हेंबरला, त्यांनी शनीला दुर्बीण लावली तर कडे नाहीसे! मी तेव्हा परभणीहून बी.एस्सी. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. अंगात पदवीचा वारा. मामांनी मला बोलावून विचारले, "बघ रे, तुला दिसायलंय का?" मी एकदा डोळा लावला आणि सांगून टाकले, "मामा, पुसताना भिंगावर चरे पडले. आता हिचा उपयोग नाही." मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटी माळ्यावर गेली. २००६ साली मामा वारले, तोवर ती खाली आली नाही.

ती खाली काढली मामांच्या नातीने. पोर दहावीला आहे. २०२५ च्या दिवाळीनंतर घराची डागडुजी निघाली, तेव्हा पेटी तिच्या हाती लागली आणि तिने मला निरोप धाडला. २८ नोव्हेंबरला, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला, आम्ही आखाड्यावर दुर्बीण मांडली. लाईट रात्री येणार होती, त्यामुळे गव्हाला पाणी द्यायला आलेली पाचसात मंडळी शेकोटीशी बसलेलीच होती. सगळ्यांनी रांग लावली.

आधी चंद्र पाहिला. मंडळी, चंद्र पाहायचा तो पुनवेचा नव्हे, सप्तमी ते दशमीचा. नांगरलेले रान भर दुपारी सपाट दिसते, पण दिवस मावळताना तेच पाहा, ढेकूळ न् ढेकूळ सावली टाकते आणि तास उठून दिसतात. चंद्राचेही तसेच आहे. पुनवेला ऊन समोरून पडते, सावल्या नाहीत, म्हणून तो चपट्या ताटासारखा दिसतो. अष्टमीला अर्ध्यावर उजेड-अंधाराची कड असते. त्या कडेवर चंद्रावरचा सूर्य नुकता उगवत असतो. तिथे डोंगर आणि विवरे अशी उठून येतात की बोट लावावेसे वाटते.

शेकोटीवरच्या एकाने विचारले, "साहेब, हे खड्डे कशाचे?" मी म्हटले, लोणार पाहिलेत ना? आकाशातून दगड आदळून झालेले आपले लोणार सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. चंद्रावरचे कोपर्निकस नावाचे विवर ९३ किलोमीटर रुंद आहे. लोणार उचलून चंद्रावर ठेवले तर या दुर्बिणीतून ते ओळखूही येणार नाही. आणखी एक गंमत. चंद्रावर जे काळपट डाग दिसतात, तो आपल्याच काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा, भाऊबंद. आपल्याकडे त्या दगडावर पाऊस पडला, ऊन-वारा लागला, झाडपाला कुजला, तेव्हा कुठे काळी माती झाली. चंद्रावर हवा नाही, वाहते पाणी नाही, म्हणून तिथे दगडाची नुसती भुकटी झाली. मातीची किंमत कळायची असेल तर चंद्र एकदा जरूर पाहावा.

मग चंद्राच्या पूर्वेला असलेल्या शनीकडे नळी वळवली. पोरीने डोळा लावला आणि म्हणाली, "काका, याचं कडं कुठंय?"

माझ्या पोटात गोळा आला. तीस वर्षांपूर्वीचे तेच अंगण, तीच दुर्बीण, तोच प्रश्न. मी म्हणालो, "तुझ्या आजोबांच्या हातून भिंग बिघडलंय, बाळ." पोरगी पुन्हा चंद्राकडे वळली, पुन्हा शनी पाहिला आणि म्हणाली, "भिंग बिघडलं असतं तर चंद्रबी खराब दिसला असता की. तो तर लखलखीत दिसायलाय."

घरी येऊन तिने आजोबांची वही काढली. २९ नोव्हेंबर १९९५, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी. मामांनी लिहिले होते: चंद्र स्वच्छ, खड्ड्यांच्या कडा तीक्ष्ण. शनी गोल, कडे नाही. भिंगाचा दोष? पुढे प्रश्नचिन्ह. मामांनी प्रश्न विचारला होता, त्यावर पूर्णविराम दिला तो मी.

खरे कारण असे. शनीचे कडे सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर रुंद आहे, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच. भाकरी वरून पाहिली तर गोल दिसते आणि डोळ्यासमोर आडवी धरली तर नुसती रेघ. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी मारतो. त्या फेरीत दोनदा त्याचे कडे आपल्यासमोर आडवे येते आणि लहान दुर्बिणीतून दिसेनासे होते. १९९५-९६ मध्ये असे झाले. २००९ मध्ये झाले तेव्हा शनी सूर्याजवळ असल्यामुळे पाहता आला नाही. मग २०२५ मध्ये झाले. मार्चमध्ये कडे अगदी आडवे आले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा जवळजवळ तसेच. भिंग चांगलेच होते. मामांनी जे पाहिले तेच खरे होते.

आणि फसलेले आम्ही काही पहिले नव्हे. इटलीतल्या गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटल्यासारखे पाहिले. १६१२ मध्ये ते नाहीसे झाले तेव्हा तोही चक्रावून गेला. ते कडे आहे याचा उलगडा पुढे हायगेन्सने केला, तोवर चाळीसेक वर्षे गेली होती.

अडगळीत गेलेली दुर्बीण पुन्हा कामाला लागते याचा मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिथे २० इंची आरशाची दुर्बीण होती. हेच नायगमवाला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घ्यायला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे ती बरीच वर्षे पडून होती, पण पुढे पुन्हा उभी राहिली आणि कामाला आली. म्हणून म्हणतो, कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर खाली काढा. काढताना एवढे सांभाळा.

पहिली गोष्ट जिवाची. जुन्या दुर्बिणीच्या पेटीत बहुधा एक लहानशी काळी किंवा हिरवी काच असते. ती डोळ्याकडच्या भिंगाला लावून सूर्य पाहण्यासाठी दिलेली. ती काच आधी फोडून पुरून टाका. पुढच्या भिंगातून एकवटलेल्या उन्हाने ती तापून तडकते आणि डोळा क्षणात जातो. आमच्या पेटीतली आम्ही त्याच रात्री फोडली. दिवसा दुर्बीण पोरांच्या हाती पडू देऊ नका.

दुसरी गोष्ट भिंगाची. धूळ रबरी फुग्याने उडवा, मऊ ब्रशने झटका. रुमालाने, धोतराच्या सोग्याने घासू नका. आमची दुर्बीण त्यातून वाचली ते नशीब. पुढचे भिंग दोन काचांचे असते, ते उघडू नका. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, तेव्हा पेटी बियाण्यासारखी कोरड्या जागी ठेवा.

तिसरी गोष्ट मोठेपणाची. पेटीवर शेकडो पट मोठे दिसेल असे छापलेले असते. बियाण्याच्या पिशवीवरच्या उताऱ्याइतकाच त्यावर विश्वास ठेवा. पुढच्या भिंगाचे जेवढे मिलिमीटर त्याच्या दुप्पट हीच मर्यादा, म्हणजे ६० ला १२० पट. पट काढायचे तर नळीवर लिहिलेल्या अंतराला डोळ्याकडच्या भिंगाच्या आकड्याने भागा. आमचे ७०० भागिले २०, म्हणजे ३५ पट. एवढ्यात अख्खा चंद्र मावतो आणि गुरूचे चार चंद्रही दिसतात. ते रोज जागा बदलतात, चार रात्री ओळीने मांडून पाहा. डोळ्याकडचे भिंग हरवले असेल तर एक लक्षात ठेवा, जुन्या भिंगाची नळी साडेचोवीस मिलिमीटरची, नव्याची पावणेबत्तीस. मधे जोडणी लागते.

चौथी गोष्ट जागेची. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवून गार होऊ द्या. पत्र्याच्या छपरावरून किंवा हळद शिजवायच्या कढईवरून पाहू नका. गरम हवेत चंद्र पाण्यातल्यासारखा हलतो.

पाचवी गोष्ट फोटोची. मामांनी रोलच्या कॅमेऱ्याने चंद्राचा फोटो काढला होता. नांदेडहून धुऊन आला तो पांढरी टिकली होऊन. आज मोबाईल पुरतो. डोळ्याकडच्या भिंगाला मोबाईल सरळ टेकवा. हात हलतो म्हणून लाकडी पट्टी आणि रबर लावून बांधा. पडद्यावर चंद्रावर बोट ठेवून उजेड खाली ओढा, नाहीतर टिकलीच येईल. दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असे लावा, म्हणजे धक्का बसत नाही. ग्रहांची चित्रफीत काढा आणि तिच्यातला स्थिर क्षण निवडा. आमच्या पोरीने चाळीस फोटो काढले, त्यातले तीन चांगले आले. नाराज होऊ नये. पुण्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने २०२१ मध्ये सुमारे ५० हजार छायाचित्रे जोडून चंद्राचे एक चित्र तयार केले होते. अडचण आली तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना वाट दाखवते आहे.

आणि शेवटची गोष्ट वहीची. तारीख, वेळ, आभाळ कसे होते, काय दिसले आणि काय दिसले नाही, सगळे लिहा. समजले नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि ते खोडू नका. शेतातही हेच. पान पिवळे पडले की नत्र कमी, असे बांधावरूनच सांगून मोकळे होणारे आमच्यात कमी नाहीत, मीही त्यातलाच. शेजारचे पान पाहावे, मूळ उपटून पाहावे, मग बोलावे. मामांच्या वहीत उत्तराचा निम्मा भाग लिहिलेला होता. मी ती उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मामींपाशी बसलो. त्यांची ऐंशी उलटली आहे. पोरीने आजोबांचे चित्र आणि आपला मोबाईलमधला फोटो शेजारी ठेवून दाखवला. कडे कसे येते-जाते ते एक भाकरी फिरवून समजावून सांगितले. मामी बराच वेळ भाकरीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तेंच्या हातून काई बिघडलं नव्हतं."

"नव्हतं मामी. माझ्या तोंडून बिघडलं होतं."

त्या एवढेच म्हणाल्या, "मंग आता ती पेटी माळ्यावर ठिवू नका."

पेटी आता ओसरीवर असते. पोरीने वही पुढे चालू केली आहे, आजोबांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून. शनीचे कडे आता वर्षागणिक रुंद होत जाईल. ते तिने दर महिन्याला काढायचे, असे आमचे ठरले आहे.

असो. तुमच्याकडे कुणाची जुनी दुर्बीण असेल, तर या अष्टमीला बाहेर काढा आणि काय दिसले ते कळवा. पुढच्या खेपेला घाटेअळी.