फुफाट्याचा मालक कोण?

माझ्या जीपला ताडपत्रीचं छप्पर आहे, पण पावसाळा सोडला तर ते गोठ्याच्या आढ्याला गुंडाळून टांगलेलं असतं. काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात भेटणारी मंडळी विचारतात, "नाना, एवढ्या फुफाट्यात उघडी गाडी कशाला?" कारण साधं आहे. वरून झाकलेली आणि मागून उघडी गाडी स्वतःच्याच चाकांनी उडवलेली धूळ मागच्या बाजूने आत ओढते. सगळी उघडी ठेवली की वारा आरपार जातो आणि धूळ मागे राहते. अट एकच, गाडी सावकाश चालवायची. वेग वाढवला की धूळ आपल्यालाही गाठते आणि रस्त्याकडेच्या माणसालाही.

उघड्या जीपचं हे शहाणपण श्रीगोंद्याच्या शिवारातून हळूहळू हद्दपार होत चाललंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी लाखोंनी जीपा बनवल्या. १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. तेव्हापासून पाटबंधारेचे साहेब, कारखान्याचे शेतकी अधिकारी, जनावरांचे डॉक्टर आणि निवडणुकीतले उमेदवार असे सगळे आमच्याकडे जीपमधूनच आले. माझी जीप लष्करी लिलावातली, डिझेलची. पुढची काच बॉनेटवर आडवी पडते. एअर क्लीनरच्या तळाशी तेलाची वाटी आहे, हवेतली धूळ त्या तेलात अडकते. उन्हाळ्यात ती वाटी उघडली की खाली काळा गाळ साचलेला दिसतो. इंजिनाची सोय झाली. माणसाच्या छातीत अशी वाटी नाही.

आता गावोगावी थार आली आहे. २०१० साली ती पहिल्यांदा बाजारात आली, २०२० च्या गांधी जयंतीला नव्या रूपात आली, बनते आपल्याच नाशकात. गाडी दणकट, दऱ्याखोऱ्यांत चढणारी. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चालवण्याच्या तऱ्हेबद्दल. ऊन-वारा अंगावर घेण्यासाठी जिचा जन्म झाला, ती गाडी आमची पोरं काचा वर करून, एसी लावून, गाणी मोठ्याने लावून वस्तीवरच्या कच्च्या रस्त्याने भन्नाट सोडतात. मागे उठलेला लोट त्यांना आरशातही दिसत नसावा. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' या म्हणीतलं पेडगाव आमच्याच तालुक्यातलं. बंद काचेआड बसून मागची धूळ न दिसल्याचं सोंग करणारे तिकडेच निघालेले असतात.

ही धूळ खातं कोण? दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की बीड, पाथर्डीकडून आलेले ऊसतोड कामगार टायरगाडीवर मोळ्या लादून रस्त्याच्या कडेने चालतात. मोळ्यांवर बायका आणि लेकरं बसलेली. शाळेच्या पोरी सायकलवर असतात. मेंढरांमागचा धनगर पायी असतो. यांच्या अंगावरून लोट गेला की मिनिटभर काही दिसत नाही, आणि तेवढ्यात मागून उसाची डबल ट्रॉली येते. अपघात अशाच वेळी होतात.

झाडंही खातात. श्रीगोंदा लिंबाचा तालुका. रस्त्यालगतच्या ओळींतल्या पानांवर धुळीचा थर बसला की कोळी किडीचं फावतं, कारण कोळी खाणारे मित्रकीटक धुळीत नीट काम करू शकत नाहीत. मग औषधाच्या फवारण्या वाढतात. त्यांचा खर्च बागवाल्याच्या नावावर पडतो, धूळ उडवणाऱ्याच्या नाही.

उन्हाळ्यातला पिठासारखा फुफाटा वळवाच्या पहिल्या सरीत चिकणमाती होतो. काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. मग फोर बाय फोरचा दांडा ओढा नाहीतर लो गिअर टाका, गाडी जागेवरच फिरते. मुरमाड माळावर पाणी निचरून जातं, काळ्या रानात ते थांबतं. ज्याला हे ठाऊक आहे तो पाऊस उघडल्यावर एक दिवस पाणंदीत गाडी घालत नाही. ज्याला ठाऊक नाही तो हौसेने घालतो, चिखल उडवतो, मोबाइलवर चित्रण करतो आणि हातभर खोल चाकोऱ्या सोडून जातो. ऊन पडलं की त्या दगडासारख्या वाळतात आणि पुढे महिनाभर बैलगाडीचं जू आणि बैलांचे खांदे त्याची किंमत मोजतात. वळवाची आणखी एक गोष्ट उघड्या गाडीवाल्यांनी ध्यानात ठेवावी. बंद लोखंडी गाडीत विजेपासून बराच बचाव होतो, ताडपत्रीच्या जीपमध्ये होत नाही. आभाळ गडगडायला लागलं की झाड टाळून पक्क्या घरात शिरावं. तिथे मर्दुमकी दाखवू नये.

सुट्टीच्या दिवशी शहरांतून गाड्यांचे ताफे येतात. पेडगावचा बहादूरगड, तिथलं लक्ष्मी-नारायणाचं देखणं मंदिर, भीमेचा काठ बघायला लोकांनी जरूर यावं. छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून १६८९ मध्ये इथेच औरंगजेबाच्या छावणीत आणलं गेलं; ती जागा बघायला कुणालाही यावंसं वाटेल. पण गडावरून निघाल्यावर "पुढे नुसता माळच आहे" म्हणून रस्ता सोडून गाड्या उधळणं वेगळं. माळ नुसता नसतो. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं आणि त्यात सोलापूरबरोबर आमच्या जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासे हे तालुकेही होते. पुढे क्षेत्र घटवलं, माळढोकही दिसेनासा झाला. तरी लांडगा, खोकड, चिंकारा अजून आहेत. शेजारच्या कर्जतमध्ये काळविटांसाठी रेहेकुरीचं अभयारण्य आहे. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी ऐन उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खड्यांच्या रंगाची. जीपमधून ती दिसत नाहीत. चाकाखाली गेलेलं गवत पुन्हा उगवायला वेळ लागतो आणि चाकोरीतून पावसाचं पाणी माती घेऊन वाहतं.

माळ बघण्याची रीतसर वाट उपलब्ध आहे. पुणे वन विभागाने इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरलेले रस्ते, सोबतीला गावातला वाटाड्या, त्यातून गावाला चार पैसे. आपल्या तालुक्यातही हे व्हायला हवं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "रस्ते पक्के करा, धूळ आपोआप संपेल." रस्ते हवेतच. शेतरस्त्याच्या हक्कासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, अडवलेला रस्ता खुला करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्ते योजना आहे. हे सगळं असून तहसील कचेरीतले बांधाचे वाद वर्षानुवर्षं चालतात. सगळ्या पाणंदी खडी टाकून दाबल्या जाईपर्यंत आपण धुळीतच जगणार आहोत. शिवाय रस्ता चांगला झाला की वेग वाढतो आणि बाजूपट्टीवरचा मुरूम उडतच राहतो. सरकारने खडी टाकावी, पण चालवणाऱ्याचा पाय आवरणं सरकारचं काम नाही.

म्हणून येत्या १ मेच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने तीन ओळींचा ठराव करावा. वस्तीवर आणि बागेजवळ कच्च्या रस्त्याने गाडीचा वेग ताशी वीसच्या आत ठेवायचा. पाऊस पडल्यावर पाणंद वाळेपर्यंत हौसेच्या गाड्या आत घालायच्या नाहीत. माळावर मळलेली वाट सोडायची नाही, पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही. गावच्या पोरांनाही तो लागू, पाहुण्यांनाही आणि पुढाऱ्यांच्या ताफ्यालाही. हा ठराव करायला निधी लागत नाही, मंत्रालयात हेलपाटे घालावे लागत नाहीत. सरपंचांनी विषयपत्रिकेवर तो घ्यावा आणि आपण सगळ्यांनी हात वर करावा.