दोष होडीचा की शिडांचा?

थंडीच्या मोसमात गोव्याहून मुंबईला शिडांवर परतायचं, तर दुपारनंतरचा वायव्य वारा जवळजवळ तोंडावरच येतो. मग शिडं उतरतात आणि इंजिन सुरू होतं. वर समर्थन ठरलेलं: सफरीची होडी जड, तिची कील उथळ, ती वाऱ्याविरुद्ध जायचीच नाही.

यातलं अर्धं खरं आहे. पाणी, डिझेल, नांगर, साखळी वाहणारी होडी शर्यतीच्या होडीइतकी वाऱ्याच्या जवळून जाणार नाही. पण ती जातच नाही, हे साफ चूक. बांधणीवर ढकललेला दोष बहुधा देखभालीचा असतो. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं डॅक्रॉनचं शीड ताणून सैलावतं, त्याचा फुगवटा मागे सरकतो. मग वाऱ्याचा जोर होडीला पुढे ओढण्यापेक्षा कलवण्यातच जास्त जातो. फोरस्टे ढिला असेल तर जिब आणखी फुगते. त्यात बुडाला शेवाळ आणि शिंपले, आणि पाणी अडवणारा तीन पात्यांचा स्थिर पंखा!

दुसरा गैरसमज सुकाणूवरचा. नाळ वाऱ्याकडे जितकी वळवू तितकं लवकर पोहोचू, असं वाटतं. हिशेब करून पाहा. वाऱ्याशी 40 अंशांचा कोन ठेवून 4 नॉटनं गेलं, तर वाऱ्याच्या दिशेनं तासाला जेमतेम 3.1 सागरी मैल पदरात पडतात. कोन 48 अंश करून वेग 5 नॉट झाला, तर 3.3. शिवाय कीलला पकड मिळते ती वेगामुळे. होडी मंदावली की बाजूला जास्त घसरते.

म्हणून आधी बूड घासा, पंखा मिटणारा बसवा, फोरस्टे ताणा, शिडं बदला. कल 20 अंशांपुढे जाऊन सुकाणू हाताला ओढू लागलं, की शीड वेळीच आखडा.

‘इंजिन असताना एवढा खटाटोप कशाला?’ असं कुणी विचारेल. खवळलेल्या समुद्रात टाकीच्या तळाचा गाळ ढवळून फिल्टरमध्ये अडकतो, आणि इंजिन नेमकं तेव्हाच बंद पडतं. वारा किनाऱ्याकडे ढकलत असताना, खाली कोकणचे खडक दिसत असताना, समुद्राकडे परत नेणारी एकच गोष्ट उरते: वाऱ्याविरुद्ध चालणारी शिडं. ती तयारी बंदरात असतानाच करावी लागते.