बर्फ पडला की उडाला?

आपल्या नगर जिल्ह्यात बर्फ दिसतो तो रसवंतीच्या गाड्यावर. पण आपली पोरे सैन्यात काश्मीरच्या पहाऱ्यावर असतात, म्हणून हा विषय घरचाच. जानेवारी २०१७ मध्ये गुरेझला हिमस्खलनात जवान गेले. त्यांत अकोल्याचेही होते. ‘नशीब’ म्हणून गप्प बसणे आम्हाला पटत नाही.

आभाळ मोकळे असले तरी वारा जुना बर्फ उचलून उताराच्या आडोशाला रचतो. मोजपात्राला दोन्ही सारखेच. म्हणून शास्त्रज्ञ वेगवान कॅमेऱ्याने एकेक कण टिपतात. पडणारी पाकळी मोठी, कधी सहा हातांची, हळू उतरणारी. वाऱ्याने आपटलेला कण बारीक, गोलसर, जमिनीलगत आडवा पळणारा. कोणता उतार भरतोय हे कळले, तर चौकी वेळेत हलवता येते.