टाकी भरली की काय?

मे महिन्यात पुणतांब्याला वन्संकडे गेले होते. नवं घर बांधलंय. ओटा, देवघर, गच्ची सगळं दाखवून झालं आणि मग मागच्या दारी नेऊन त्या कौतुकानं म्हणाल्या, "ही बघ गं, संडासची टाकी. आठ बाय दहाची. वीस वर्षं बघायला नको!"

मी विचारलं, "आणि टाकीतलं पाणी कुठे जातं, वन्सं?"

त्यांनी बोटानं गटार दाखवलं. आता गटाराचं पाणी शेवटी कुठे जाणार? गाव गोदावरीकाठचं! जिला तिकडे गंगाच म्हणतात आणि जिच्या काठावर चांगदेव महाराजांची समाधी आहे, तीच गोदावरी.

मैत्रिणींनो, टाकी बांधली म्हणजे प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटतं. पण टाकीत गाळ खाली बसतो आणि पाणी बाहेर पडतं. ते दिसायला नितळ असलं तरी त्यात रोगजंतू असतातच. ते शोषखड्ड्यात मुरायला हवं, गटारात नव्हे. गाळही दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा. तो वीस वर्षं तसाच ठेवला, तर टाकी गाळानं भरते आणि मैला जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. मग कोणाला तरी आत उतरवलं जातं. २०१३च्या कायद्यानं त्याला बंदी आहे, तरी विषारी वायूनं माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. ती माणसं कुठल्या जातींची असतात, तेही आपल्याला ठाऊक असतं.

याला सोपा आणि स्वस्त पर्याय आहे, दोन खड्ड्यांचा संडास. खड्ड्यांच्या भिंतींच्या विटांत फटी ठेवायच्या आणि तळाला गिलावा करायचा नाही. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. पाणी नि वायू मातीत मुरतात, त्यामुळे वरची उंच नळीसुद्धा लागत नाही. पाच-सहा माणसांच्या घरात खड्डा भरायला साधारण तीन वर्षं लागतात. मग तो बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्याला वर्ष-दीड वर्ष हात लावायचा नाही, कारण जंतांची अंडी चिवट असतात. नंतर उघडलं की आत भुसभुशीत, वास नसलेलं खत! ते झाडांच्या बुडाशी घालावं, पालेभाजीला नको.

पथ्यंही आहेत. न्हाणीचं पाणी त्यात सोडायचं नाही. पॅड, प्लास्टिक, अॅसिड टाकायचं नाही. विहीर किंवा बोअर किमान दहा मीटर लांब हवी. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डे मोठे घ्यावेत. भूजल अगदी वर असेल तिथे मात्र हे खड्डे नकोतच.

हे काही नवं खूळ नाही. 'कोकणचे गांधी' अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करून दाखवलं, त्याला किती वर्षं झाली! त्याच अप्पांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपवास केला होता.

वन्संना हे सांगितलं, तर त्यांनी नेमकं बोट ठेवलं. "खरं गं. पण खड्डा उपसायचा कोणी?"

घोडं तिथंच अडतं. आपल्याला घाण वाटते ती मैल्याची कमी, ते काम ज्यांच्यावर लादलं त्यांची जास्त. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले आणि हातानं खत काढून दाखवलं. त्यांना जमलं, मग आपल्याला का जमू नये?

त्याच वर्षी जूनमध्ये पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला गावाचं नाव कळलं. घामाचं मोल मागणाऱ्या त्याच गावात आपण दुकानातून खताच्या गोण्या आणतो आणि घरचं खत पैसे मोजून टँकरनं बाहेर पाठवतो!

संडास कसा बांधायचा हे गवंडी नि घरातले पुरुष ठरवतात. घासतो कोण? आपण! मग ठरवतानाही आपण बोलायला नको?

वन्संचा धाकटा आता मळ्यात घर बांधतोय. मी सांगून आलेय, दोन खड्डे घे. पहिला उघडशील तेव्हा फावडं घेऊन ही मामी येईल.