ब्रेकचा लाल दिवा काय सांगतो?

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी कराडचे एक कुटुंब चिपळूणजवळच्या आपल्या गावी निघाले होते. गाडी सोळा वर्षे वापरलेली, डिझेलवर चालणारी एसयूव्ही. घरातले सगळे तिला ‘जीप’च म्हणत. आत आजीसह आठ माणसे. टपावर बॅगा, आरास आणि तांदळाची पोती. पाटण जवळ आले तसा डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा वळणावर लुकलुकू लागला. गाडी सरळ रस्त्याला लागली की विझे, वळण आले की पुन्हा लागे.

‘‘अहो, तो दिवा पुन्हा लागतोय,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘ऑइल थोडं कमी झालं असेल. मागे बाटली आहे, थांबलो की भरतो,’’ दादांनी उत्तर दिले.

गेल्या दोन महिन्यांत ते असेच दोनदा ऑइल भरून मोकळे झाले होते आणि दिवाही विझला होता. पण आता पुढे कुंभार्ली घाट होता. आजीने हट्ट धरला, ‘‘बाप्पा उद्या यायचेत. आपल्याला चार तास उशीर झाला तर ते रागवायचे नाहीत. आधी गाडी दाखव.’’

रस्त्याकडेच्या एका लहानशा गॅरेजपाशी गाडी थांबली. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, ब्रेक ऑइलच्या डबीकडे पाहिले आणि विचारले, ‘‘दादा, याआधी ऑइल भरलं होतं का?’’

‘‘दोनदा.’’

‘‘मग ते गेलं कुठं?’’

दादांकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने मात्र हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

ऑइल आटत नाही

ब्रेकचे काम शाळेत शिकवल्या जाणाऱ्या पास्कलच्या नियमावर चालते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ऑइलवर दाब येतो आणि तो दाब पाइपांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. ही यंत्रणा बंदिस्त असते. इंजिनातले ऑइल थोडेफार जळते, ब्रेकचे ऑइल जळत नाही. तेव्हा डबीतली पातळी खाली गेली, तर त्याची कारणे दोनच असू शकतात.

पहिले कारण झीज. सुमो १९९४ साली आली, बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली. या पिढीतल्या बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पुढचे पॅड झिजत जातात तसा त्यांना ढकलणारा पिस्टन बाहेर सरकतो. त्याच्यामागे जी जागा होते ती ऑइलने भरते आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. अशा वेळी लाल दिवा ‘पॅड बदला’ असेच सांगत असतो.

दुसरे कारण गळती. चाकाजवळचा रबरी पाइप चिरला, लोखंडी पाइप गंजला किंवा मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडरचे रबर सैल झाले की ऑइल बाहेर पडू लागते. झीज महिनोन्‌महिने चालते. गळती मात्र एका जोरदार ब्रेकनेही वाढू शकते.

वरून ऑइल ओतले की दोन्ही कारणे झाकली जातात. दिवा विझतो, पण झिजलेले पॅड झिजलेलेच राहतात आणि गळणारा सिलिंडर गळतच राहतो. शिवाय असे भरलेले ऑइल नवे पॅड बसवताना, पिस्टन मागे ढकलला की, डबीतून उतू जाते. ते रंगावर पडले तर रंग खाते. तसे झालेच तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे.

आधी काय पाहावे?

दिवा लागला की प्रथम हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना, ते पाहावे. लीव्हरखालच्या बटणात धूळ बसली किंवा ते जागचे सरकले, तरी दिवा लागून राहतो. हा दोष किरकोळ, पण तोच आहे असे तपासल्याशिवाय गृहीत धरू नये.

मग गाडी सपाट जागी उभी करून डबीतली पातळी पाहावी. ती किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये हवी. डबीत एक तरंगता फ्लोट असतो. पातळी काठावर आली की वळणावर ऑइल एका बाजूला जाते, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लुकलुकतो. दादांच्या गाडीत नेमके हेच होत होते.

पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर बहुतेक जुन्या गाड्यांत एक सोपी परीक्षा करता येते. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि डबीवरच्या वायरचा सॉकेट काढावा. दिवा विझला तर दोष फ्लोटमध्ये. न विझला तर हँडब्रेकच्या बटणात किंवा वायरिंगमध्ये. परीक्षा झाली की सॉकेट आठवणीने परत लावावा.

पातळी कमी असेल तर चाकांकडे वळावे. टायरच्या आतल्या बाजूला ओलसर डाग आहे का, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे. पॅडचा थर साधारण ३ मिलिमीटरवर आला की ते बदलावेत आणि नेहमी डावे-उजवे जोडीनेच बदलावेत. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरले असता ते हळूहळू खाली जात राहिले आणि बाहेर कुठेही ओल नसली, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेले असण्याचा संभव असतो. अशी गाडी चालवत गॅरेजात नेऊ नये; मेकॅनिकला जागेवर बोलवावे किंवा गाडी टोचन करून न्यावी.

ड्रमच्या आत

मिस्त्रींनी पुढची चाके काढली. पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत आले होते. दादांना वाटले, कारण सापडले. पण मिस्त्रींनी मागचे ड्रमही उघडले. डाव्या चाकातला व्हील सिलिंडर गळत होता. ऑइल ड्रमच्या आतच साचून लायनर भिजले होते, म्हणून जमिनीवर एक थेंबही दिसला नव्हता. त्या चाकाचा ब्रेक केवळ नावाला उरला होता.

सुटे भाग कराडहून एसटीने मागवले गेले. पुढचे पॅड, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे लायनर नवे बसले. जुने ऑइल काढून नवे भरले गेले. मग मिस्त्री चाकाशी आणि वहिनी पेडलवर, अशी एकेका चाकातली एअर काढण्यात आली. पाइपात हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे मऊ लागते. कारण हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही.

दादांच्या जवळची अर्धी बाटली मात्र मिस्त्रींनी वापरली नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून सील फोडून ठेवलेली बाटली नंतर उपयोगाची नसते. डॉट ४ प्रकारचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापले की असे ऑइल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाशी जाते. म्हणूनच दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. त्याच्या जागी इंजिन ऑइल तर कधीही घालू नये; त्याने सगळी रबरे फुगतात.

पिवळा दिवा वेगळा

ज्या गाड्यांना एबीएस आहे, त्यांत आणखी एक पिवळा दिवा असतो. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत ती असेलच असे नाही. केवळ पिवळा दिवा लागला तर साधा ब्रेक चालू असतो, पण जोरात ब्रेक मारल्यास चाके अडकून गाडी घसरू शकते. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसणे किंवा त्याची वायर तुटणे, ही याची नेहमीची कारणे. पिवळा आणि लाल असे दोन्ही दिवे एकदम लागले, तर गाडी सावकाश बाजूला घेऊन थांबवावी.

दिवा लागलाच नाही तरीही निश्चिंत राहू नये. सकाळी हँडब्रेक ओढलेला असताना चावी फिरवली की लाल दिवा लागायलाच हवा. तो लागत नसेल तर बल्ब गेलेला असू शकतो आणि मग संकटाची सूचना मिळणारच नाही.

घाट उतरताना

दुपारी चार वाजता गाडी निघाली. निघण्यापूर्वी मिस्त्रींनी एक गोष्ट बजावली, ‘‘डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका आणि इंजिन तर बंद करूच नका.’’ पेडल हलके करणाऱ्या बूस्टरला निर्वात पोकळी लागते आणि डिझेल गाडीत ती इंजिनावर चालणारा पंप तयार करतो. इंजिन बंद पडले की एकदोन वेळा ब्रेक हलका लागतो, नंतर पेडल दगडासारखे होते. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला धरूनही ठेवते, त्यामुळे ब्रेक कमी तापतात.

दादांनी सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. वळणे आली, गेली. दिवा लागला नाही. तिन्हीसांजेला गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा मखर बांधायचे राहिले होते. ते काम रात्री जागून झाले.

ऑइलची ती अर्धी बाटली दादांनी पाटणलाच सोडली होती. तिच्या जागी आता गाडीत एक लहान वही असते. ऑइल कधी बदलले, पातळी कुठे होती आणि पॅड किती उरले, याची तारीखवार नोंद तीत होते. पुन्हा कुणी ‘ते गेलं कुठं?’ असे विचारले, तर सांगायला उत्तर हवे.