श्वासाचा हिशेब

दिवाळी जवळ आली की भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आणि आमच्या चिंचवडच्या सोसायटीत एकच बेत ऐकू येतो: यंदा तारकर्ली! मालवणच्या समुद्रात, पाठीवर हवेची टाकी बांधून मारायची बुडी हे त्या सहलीचे मुख्य आकर्षण. परतलेल्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘किती खोल गेलात?’ माझ्या मते, विचारायचा प्रश्न हा नव्हेच.

कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज यांच्या सहवासात ज्यांची नोकरी गेली, त्यांना यातले गणित समजावून सांगायला नको. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, आणि प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही दुप्पट खर्च होते. जो घाबरून हातपाय झाडतो, त्याची शिल्लक भराभर संपते. बँकेत हयात घालवलेल्या मला हा हिशेब चटकन पटला. पहिल्या बुडीत प्रशिक्षक सोबत असतो आणि मिनिटेही मोजकीच मिळतात. त्या मिनिटांत धापा टाकणाऱ्याला स्वतःचे बुडबुडे तेवढे दिसतात. संथ श्वास घेणाऱ्याला मासे दिसतात.

साठी उलटल्यावर, डॉक्टरांना विचारून, मीही एकदा उतरलो. आज आठवतो तो स्वतःच्या श्वासाचा आवाज, आणि खडकाआडून मला न्याहाळणारा एक पट्टेरी मासा.

आठवडाभर टार्गेटमागे धावणारा माणूस सुट्टीतही फोटोंचे टार्गेट पुरे करू लागतो, तेव्हा नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथले प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हेत. इवल्या जिवांनी बांधलेल्या त्या वसाहती आहेत. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. पोज देण्यासाठी टेकलेला एक पाय कित्येक वर्षांचे बांधकाम मोडतो.

म्हणून उतरण्यापूर्वी खुणांची भाषा नीट शिकावी. कानांवरचा दाब कसा सोडवायचा, हे समजून घ्यावे. वर येताना श्वास रोखू नये. सर्दी असेल तर किनाऱ्यावरच थांबावे. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकायला सांगू नये. आणि ‘आज पाणी गढूळ आहे’ असे नावाडी म्हणाला, तर पैसे भरलेत म्हणून हट्ट धरू नये.

पुढच्या खेपेला मुले तारकर्लीहून परततील, तेव्हा खोली विचारू नका. ‘काय पाहिलेस?’ एवढेच विचारा. उत्तरात एखाद्या माशाचे नाव आले, तर सहलीचे पैसे वसूल झाले असे खुशाल समजा.